जिद्द सरावाची जागा घेत नाही

चार तासांत २५ किलोमीटर चालणे ही मध्य प्रदेशातील वनरक्षक भरतीत पुरुष उमेदवारांसाठीची अट आहे. महिलांना तेवढ्याच वेळात १४ किलोमीटर चालावे लागते. भारतीय वनसेवेच्या निवडीतही हीच अंतरे आणि हीच वेळ ठरलेली आहे. मे २०२४ च्या अखेरीस, नवतपाच्या म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांच्या सुमारास, बालाघाट येथे ही चाचणी झाली. सकाळी निघालेल्या शंभरावर उमेदवारांपैकी राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेला, तिशीच्या आतला एक तरुण अंतर संपत आले असताना कोसळला आणि मरण पावला. त्या तरुणाची तयारी किती होती याचा निवाडा येथे करायचा नाही. विचार करायचा आहे तो अशा घटनांनंतर दरवेळी ऐकू येणाऱ्या समर्थनांचा.

ती समर्थने ठरलेली आहेत. चालणेच तर आहे, त्यात काय. खेड्यातली पोरे मुळातच काटक असतात. रोज मैदानावर घाम गाळणाऱ्याला वेगळ्या तयारीची गरज नाही. उन्हात वाढलेल्याला ऊन बाधत नाही. मन घट्ट असले की शरीर मागे येते. पाणी पीत राहिले की झाले. आणि एवढ्यांतून एखादा गेला, तर ते त्याचे नशीब. बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत भरतीची तयारी करणारी हजारो मुले ही वाक्ये खरी मानून रस्त्यावर उतरतात, म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिले समर्थन चालण्याचे. चार तासांत २५ किलोमीटर म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर, म्हणजेच प्रत्येक किलोमीटर ९ मिनिटे ३६ सेकंदांत. बाजारहाट करताना माणूस ताशी चार ते पाच किलोमीटरने चालतो. ताशी सात किलोमीटरच्या पुढे बहुतेकांना चालण्यापेक्षा पळणे सोपे वाटू लागते. सव्वासहाचा वेग त्या सीमेच्या अगदी जवळचा आहे. पाणी पिणे, लघवीला थांबणे, बुटाची नाडी बांधणे यांत दहा मिनिटे गेली, तर उरलेल्या वेळात प्रत्येक किलोमीटर ९ मिनिटे १२ सेकंदांत पुरा करावा लागतो. या अंतरात सुमारे ३२ हजार पावले पडतात. प्रत्येक पाय सोळा हजार वेळा डांबरावर आपटतो, आणि प्रत्येक वेळी टाच, घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर यांच्यावर शरीराच्या वजनाहून अधिक भार येतो. शेताच्या बांधावरून घरी येणे आणि ही चाल या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीची सवय दुसरीला पुरत नाही.

दुसरे समर्थन काटकपणाचे. त्याला इतिहासाचा आधार देण्याचीही पद्धत आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि सुमारे २ तास ५१ मिनिटांत एकोणिसावे आले. या प्रसंगावरून असा निष्कर्ष काढला जातो की ग्रामीण शरीराला तयारी लागत नाही. निष्कर्ष उलटा निघतो. ती माणसे स्पर्धांतून धावणारी होती आणि निवड चाचणीतून पार पडूनच बोटीवर चढली होती. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यामागे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखालची अनेक वर्षांची मेहनत होती. डोंगरपाड्यावरचे बालपण हा त्यांचा पाया होता. इमारत सरावाने उभी राहिली.

शिवाय आजचा उमेदवार कोणत्या दिनक्रमातून येतो हेही पाहायला हवे. वनरक्षक भरतीत लेखी परीक्षा आधी आणि चालण्याची चाचणी नंतर असते. लेखीसाठी मुले महिनोन्महिने अभ्यासिकेत बसून असतात. तालुक्याच्या गावी खोली करून राहतात, जेवणाचा डबा लावतात, दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत काढतात. शेतातले काम सुटलेले असते. वडिलांच्या पिढीचा काटकपणा मुलाच्या स्नायूंत वारशाने उतरत नाही. तो रोजच्या कामाने येतो आणि काम सुटले की काही आठवड्यांत ओसरू लागतो.

तिसरे समर्थन अधिक फसवे आहे, कारण ते मेहनती मुलांचे आहे. पहाटे गोंदिया रस्त्यावर किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर पळणारी मुले खरोखर घाम गाळतात. पण ती कशासाठी पळतात? अग्निवीर भरतीत १६०० मीटर सुमारे सहा मिनिटांत पळावे लागते. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत पाच किलोमीटर २४ मिनिटांत. महाराष्ट्र पोलीस भरतीत १६०० आणि १०० मीटर. एकच मुलगा या सगळ्या जाहिरातींना अर्ज करतो आणि बहुधा १६०० मीटरचाच सराव करतो, कारण तेथे गुण किंवा निवड सेकंदांवर ठरते. सहा मिनिटांच्या जोरकस धावेत शरीर जे शिकते ते चार तासांच्या चालीला थोडेच उपयोगी पडते. छोट्या धावेत श्वास आणि वेग कसाला लागतात. लांब चालीत साठवलेले इंधन, घामातून जाणारे क्षार, तळव्याची कातडी, कंबरेचे स्नायू आणि शरीराचे तापमान यांची परीक्षा होते. उत्तम १६०० मीटर धावणारा मुलगा २५ किलोमीटरच्या चाचणीत अप्रशिक्षित असू शकतो. हे ना त्याला कोणी सांगते, ना त्याच्या अकादमीला ते ठाऊक असते.

सराव म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावाचून या चर्चेला अर्थ येत नाही. नियमित दीर्घ व्यायामाने पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढू लागते, त्यामुळे हृदयाला प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलता येते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या वाढतात. चरबी जाळण्याची क्षमता सुधारते आणि मर्यादित साखर पुरवून वापरली जाते. स्नायू आणि यकृत यांतली ही साखर सुमारे चारशे-पाचशे ग्रॅमच असते. स्नायूबंध आणि हाडे मात्र याहून संथ असतात. हाडाचा जुना भाग झिजवून नवा भरण्याच्या एका फेरीला तीन ते चार महिने लागतात. म्हणूनच दम वाढला तरी हाड तयार झालेले नसते, आणि जोशात अंतर वाढवणाऱ्याच्या नडगीला किंवा पायाच्या पंजाच्या हाडाला बारीक तडा जातो. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली. लष्करी वैद्यकात त्याला पुढे मार्च फ्रॅक्चर हे नाव पडले. पावणेदोनशे वर्षांच्या जवळ आलेले हे ज्ञान आहे. त्याचे सार एवढेच की शरीराचे प्रत्येक अंग आपापल्या गतीने तयार होते, आणि त्यातल्या सर्वांत संथ अंगाला घाई सोसत नाही.

चौथे समर्थन उन्हाचे. बालाघाट, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांना सहज टेकतो. येथील माणूस उन्हाची पथ्ये जाणतो. दुपारी बाहेर पडत नाही, डोक्याला दुपट्टा बांधतो, कैरीचे पन्हे पितो. ही पथ्ये ऊन टाळण्याची आहेत. उन्हात चार तास झपाट्याने चालण्याची क्षमता त्यांनी येत नाही. ती येते उष्ण हवेत रोज तास-दीड तास हळूहळू वाढवलेल्या श्रमांनी, आणि तिला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. सराव थांबला की दोन-चार आठवड्यांत हा लाभ निघून जातो. पंख्याखाली अभ्यास केलेला बालाघाटचा मुलगाही या अर्थाने उन्हाला परका असतो, आणि आदल्या रात्रीच्या गाडीने दूरच्या जिल्ह्यातून आलेला मुलगा तर झोपेलाही पारखा असतो.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. साठ किलो वजनाचा माणूस या वेगाने चालताना तासाला सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातला मोठा भाग उष्णतेत बदलतो. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात शरीर चार अंशांहून अधिक तापेल. ती बाहेर काढण्याचे मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन. हवा शरीराहून गरम झाली की घामावाचून दुसरा मार्गच उरत नाही, उलट हवेतली आणि डांबरातली उष्णता शरीरात शिरू लागते. पहाटे सुरू झालेली चाल संपता संपता सकाळचे नऊ-दहा वाजतात. म्हणजे उमेदवार सर्वाधिक थकलेला असतो तेव्हाच ऊन चढलेले असते. पहाटेच सुरुवात केली, हे आयोजकांचे उत्तर त्यामुळे अर्धेच खरे ठरते.

या अवस्थेतला अप्रशिक्षित चालणारा जवळून पाहिला तर संकट पायरीपायरीने येताना दिसते. दुसऱ्या तासाच्या शेवटी टाचेला फोड आलेला असतो, कारण बूट चाचणीसाठी नवे घेतलेले असतात. फोड वाचवण्यासाठी तो पाय तिरका टाकतो आणि भार दुसऱ्या गुडघ्यावर जातो. तिसऱ्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात. पावले आखूड होतात, वेळ सांभाळण्यासाठी तो मधेच पळू लागतो, आणि पळताना उष्णता चालण्यापेक्षा बरीच जास्त निर्माण होते. नाडीचे ठोके मिनिटाला १७०-१८० वर जातात. मग बोलणे तुटक होते, चेहरा लाल किंवा पांढराफटक पडतो, चालण्याची रेषा वाकडी होते. कोणी थांब म्हटले तर तो चिडतो. हे चिडणे आणि भरकटणे हेच सर्वांत धोक्याचे चिन्ह आहे. शरीराचे आतले तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊन मेंदूवर परिणाम होऊ लागला की त्याला श्रमजन्य उष्माघात म्हणतात. अंगाला घाम असतानाही तो होतो. घाम आटल्याशिवाय ऊन लागत नाही, हा समज म्हणूनच घातक आहे.

पाचवे समर्थन मनाच्या बळाचे, आणि आज ते सर्वांत जोरात आहे. भरती अकादम्यांच्या भिंतींवर आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत एकच उपदेश असतो: शरीर थकत नाही, मन थकते. हा उपदेश खोटा आहे. थकवा, तहान, वेदना आणि भोवळ या शरीराने दिलेल्या सूचना आहेत. त्या ओलांडण्याची थोडी मुभा प्रशिक्षित माणसाला असते, कारण कोणती वेदना किरकोळ आणि कोणती गंभीर हे त्याने अनेक लांब चालींतून ओळखलेले असते. नवख्याला ही ओळख नसते. त्याची जिद्द त्याला सुरक्षिततेच्या सीमेपलीकडे नेते, आणि उष्माघातात तर निर्णय घेणारा मेंदूच आधी बिघडतो. ज्याच्याकडे जिद्द जास्त आणि सराव कमी, तो सर्वांत मोठ्या धोक्यात असतो.

येथे हौशी शर्यत आणि भरतीची चाचणी यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मुंबई किंवा साताऱ्याच्या मॅरेथॉनमध्ये उतरलेला हौशी धावक मधेच थांबला तर त्याचे प्रवेशशुल्क जाते, क्वचित थोडी प्रतिष्ठा जाते. वनरक्षक भरतीतला उमेदवार थांबला तर त्याची नोकरी जाते. वयोमर्यादा संपत आलेली असते, घरी बहिणीचे लग्न आणि कर्ज असते, लेखीत मिळालेले गुण वाया जाणार असतात. अशा माणसाला त्रास झाल्यास थांबा असे सांगणे पोकळ आहे. थांबण्याची मोकळीक ज्याला नाही, त्याच्या बाबतीत पूर्वतयारी हेच एकमेव संरक्षण उरते.

सहावे समर्थन पाण्याचे. पाणी अत्यावश्यक आहे, पण ते सरावाची उणीव भरून काढत नाही, आणि अति प्यायलेले पाणी स्वतःच धोका बनते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी झाली. २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के धावकांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गमावल्यापेक्षा जास्त प्यायलेले, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे धावक त्यात जास्त होते. सोडियम फार घटले की मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ ही तिची लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणे घातक ठरते. आपल्याला तासाला किती घाम जातो, मीठ-साखरेचे पाणी पोटात टिकते की नाही, हे सरावाच्या लांब चालींतच कळते. चाचणीच्या दिवशी त्याचा अंदाज बांधता येत नाही.

सातवे समर्थन नशिबाचे. मृत्यूचे कारण हृदय बंद पडणे असे लिहिले गेले की सर्वांची जबाबदारी संपते, असे मानले जाते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये उतरलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले, त्यांतले ४२ दगावले. लाखामागे हे प्रमाण एकाहून कमी आहे, आणि दीर्घ शर्यत मुळातच जीवघेणी असल्याचा दावा त्यावरून करता येत नाही. पण तो आकडा निवांतपणाचा परवानाही देत नाही. पूर्ण मॅरेथॉनमध्ये धोका अर्धमॅरेथॉनच्या जवळजवळ चौपट होता, म्हणजे अंतर वाढले की धोका वाढतो. हृदयाच्या स्नायूची जन्मजात जाडी हे मृत्यूंमागचे मोठे कारण होते, आणि तिची शंका तपासणीत येऊ शकते.

आता भारतातील भरती चाचण्यांकडे पाहावे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर किमान चार उमेदवार मरण पावले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडच्या अबकारी शिपाई भरतीत पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते. तेथे बारा उमेदवारांचे मृत्यू झाले. भरती काही दिवस थांबवावी लागली आणि सकाळी नऊनंतर चाचणी न घेण्याचे आदेश निघाले. पुढे नियम बदलून अंतर १६०० मीटरवर आणण्यात आले. एकाच भरतीत काही दिवसांत बारा तरुण जातात तेव्हा नशीब हा शब्द वापरणे म्हणजे कारणांकडे पाठ फिरवणे होय. महाराष्ट्रातही पोलीस भरतीची धाव पुढे १६०० मीटरवर आली. मृत्यू होईपर्यंत नियम बदलत नाहीत, हे या दोन्ही राज्यांच्या अनुभवाचे सर्वांत वेदनादायक सत्य आहे.

बालाघाटच्या परिसराला आणखी एक कारण लागू होते. पूर्व विदर्भ, बालाघाट, मंडला, डिंडोरी आणि छत्तीसगड हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून झाली. या आजाराचा वाहक एरवी पूर्ण निरोगी असतो आणि अनेकदा त्याला आपण वाहक असल्याचे माहीतही नसते. परंतु सवय नसलेले तीव्र श्रम, उष्णता आणि शरीरातले पाणी कमी होणे हे तिन्ही एकत्र आले की त्याचे स्नायू झपाट्याने विरघळण्याचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. लघवी काळ्या चहासारखी होणे हे त्याचे लक्षण. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्के जास्त आढळला, पण मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. त्या सैन्यात श्रम टप्प्याटप्प्याने वाढवणे, विश्रांती आणि पाणी यांचे नियम सर्वांनाच लागू होते. वाहकांना भरतीतून वगळण्याचे कारण यात कोठेही नाही. खबरदारी सर्वांसाठी घेतली तर वाहकही सुरक्षित राहतो, हा त्याचा अर्थ आहे.

या सगळ्याचा भार एकट्या उमेदवारावर टाकणेही अन्यायाचे आहे. अनेक शर्यतींत आणि चाचण्यांत सहभागी व्यक्तीकडून स्वतःच्या जबाबदारीवर उतरत असल्याचे लिहून घेतात आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला मागतात. खुर्चीवर बसवून नाडी आणि रक्तदाब मोजून दिलेला दाखला पंचवीस किलोमीटरबद्दल काहीच सांगत नाही. सराव असलेली माणसेही ढिसाळ आयोजनात मरतात. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक थंडी, पाऊस आणि वारा आला, आणि १७२ पैकी २१ धावक गारठून मेले. त्यांत लियांग जिंग यांच्यासारखे नामवंत धावकही होते. उमेदवाराचा सराव आणि आयोजकाची व्यवस्था ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. एकाच्या पूर्ततेने दुसरे माफ होत नाही.

चांगली व्यवस्था काय साधते याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील फाल्मथ येथे दर ऑगस्टमध्ये सुमारे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तेथे १८ वर्षांच्या नोंदींत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण सापडले आणि त्यांतला एकही दगावला नाही. त्यांचे तापमान गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजले गेले, कारण काखेतला किंवा कपाळावरचा आकडा अशा वेळी फसवतो, आणि त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड करणे हा जीव वाचवण्याचा मंत्र आहे. आधी थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोठा टब, तो नसल्यास चौघांनी कडा धरलेली ताडपत्री, पाणी आणि बर्फाच्या लाद्या पुरतात. बालाघाटसारख्या गावात हे सारे बाजारात मिळते. रुग्णवाहिका उभी करून सलाइनवर भिस्त ठेवण्यापेक्षा प्रत्येक पाच किलोमीटरवर ही सोय करणे अधिक उपयोगाचे आहे.

विरुद्ध बाजूचा एक आक्षेपही विचारात घ्यायला हवा. जीव जात असतील तर चाचणीच बंद करा, असे काही जण म्हणतात. ही सूचना सद्भावनेची असली तरी पुरती बरोबर नाही. वनरक्षकाचे काम पायांवरच चालते. बीटची गस्त, वणव्याच्या वेळी जाळरेषा राखणे, अवैध तोडीचा माग काढणे, कान्हासारख्या जंगलात वाघांच्या गणनेसाठी फिरणे यांना सहनशक्ती लागतेच. प्रश्न चाचणी असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या महिन्यात, किती पूर्वसूचना देऊन आणि कोणत्या व्यवस्थेत घ्यावी, हा आहे. निवडीनंतर वनरक्षकांना प्रशिक्षण मिळते, आणि बालाघाटातच वन प्रशिक्षणाची जुनी संस्था आहे. सहनशक्ती घडवण्याची जागा सरकारजवळ आहे. मग ती आधीच घडवून आणण्याची सक्ती मे महिन्यातल्या एका सकाळी करण्याचे कारण उरत नाही.

पुरेसा सराव म्हणजे किती, याचे उत्तर देता येते. रोज तासभर चालू शकणाऱ्या निरोगी तरुणाला २५ किलोमीटरच्या चाचणीसाठी १२ ते १६ आठवडे हवेत. आठवड्यातून चार-पाच दिवस चाल, त्यातली एक लांब. लांब चाल आठ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवावी आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करून शरीराला सावरू द्यावे. शेवटच्या लांब चाली २० ते २२ किलोमीटरच्या, चाचणीच्या वेगाने आणि चाचणीच्याच बुटांत व्हाव्यात. चाचणी उन्हाळ्यात असेल तर अखेरचे दोन आठवडे अंतर कमी करून चढत्या उन्हात थोडे-थोडे चालण्याची सवय करावी. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असेल त्या दिवशी उतरू नये. व्यायाम करताना छातीत दुखणे, घेरी येणे, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. ज्याची लांब चाल १२ किलोमीटरच्या पुढे गेलेली नाही त्याची या चाचणीसाठी तयारी झालेली नाही, मग त्याचे १६०० मीटर कितीही वेगवान असोत.

एवढा सराव करायचा तर तेवढा वेळ मिळायला हवा, आणि तो देणे सरकारच्या हातात आहे. चालण्याच्या चाचणीची तारीख किमान १६ आठवडे आधी जाहीर करावी आणि ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात घ्यावी. तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा मिळून काढलेला वेट बल्ब ग्लोब निर्देशांक २८ अंशांच्या वर गेला तर लांब शर्यत पुढे ढकलावी, ही अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस येथेही पाळावी. अंतिम चाचणीआधी १० किलोमीटरची पात्रता चाल ठेवावी. दक्षिण आफ्रिकेची सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत आधी पूर्ण मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत धावल्याचा पुरावा मागते. हौशी धावकांच्या जिवाची जी काळजी खासगी आयोजक घेतात, ती नोकरी मागणाऱ्या नागरिकांच्या बाबतीत राज्याने घ्यायलाच हवी.

शेवटी, थांबवण्याचा अधिकार आणि पुन्हा येण्याची संधी या दोन गोष्टी एकत्र द्याव्या लागतील. मार्गावरील वैद्यकीय पथकाला कोणत्याही उमेदवाराला बाजूला काढता आले पाहिजे, आणि अशा उमेदवाराला काही आठवड्यांनी एक फेरचाचणी मिळाली पाहिजे. फेरचाचणीची खात्री असेल तरच तो तरुण वेळेत थांबेल, त्याचा साथीदार त्याला थांबवेल आणि पथकालाही निर्णय घेताना संकोच वाटणार नाही. उमेदवाराने सरावाशिवाय उतरू नये, अकादम्यांनी जिद्दीच्या नावाखाली अपुरी तयारी खपवू नये, आणि सरकारने सरावाला वेळ न देता कस लावू नये. या तिघांपैकी कोणीही आपला वाटा टाळला, तर पुढची भरतीही एखाद्या घरचा कर्ता मुलगा घेऊन जाईल, आणि त्या मृत्यूला अपघात म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.